मंडईपासून सोसायटीच्या फाटकापर्यंत : २०२० च्या टाळेबंदीत भाजी उत्पादकांनी शोधलेली वाट

१/
२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. त्या वेळी पुणे जिल्ह्यातील पुरंदर, जुन्नर, खेड, आंबेगाव या तालुक्यांत कुठे टोमॅटो तोडणीला आला होता, कुठे मेथी-कोथिंबिरीचे वाफे काढणीच्या बेतात होते, तर कुठे उन्हाळी गवार-भेंडीला फळे धरू लागली होती. पीक घोषणेसाठी थांबत नाही. ते ज्या वाटेने शहरात पोहोचत असे, ती वाट मात्र काही दिवसांतच विस्कळीत झाली. पुढच्या दहा आठवड्यांत छोट्या भाजी उत्पादकाने विक्रीची पद्धत कशी बदलली, त्यातले काय टिकले आणि काय ओसरले, हे पाहण्यासाठी प्रथम जुनी वाट समजून घ्यावी लागते.

२/
भाजीच्या शेतीचे सारे अर्थकारण वेळेवर उभे आहे. ज्वारी कणगीत राहते, कांदा चाळीत राहतो, हळद पेवात राहते. त्यांचा मालक भावाची वाट पाहू शकतो. कोथिंबिरीची जुडी मात्र उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच माना टाकते. म्हणून दुपारनंतर काढणी, सायंकाळी टेम्पोत भरणी, मध्यरात्री बाजार समितीच्या आवारात उतरणी आणि पहाटे सौदा असे भाजीचे वेळापत्रक ठरून गेलेले असते. आवारात पोहोचलेला माल परत नेणे परवडत नाही. पहाटेचा भाव कितीही पडला, तरी तो स्वीकारावा लागतो. उत्पादकाच्या दुर्बलतेचे मूळ या काही तासांत आहे.

३/
सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती जो हिशेबाचा कागद येतो, त्याला पट्टी म्हणतात. पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर, फळभाजीचा वजनावर. विक्रीच्या रकमेतून वाहतूक, हमाली, तोलाई असे खर्च वजा होत जातात आणि उरलेला आकडा तळाशी येतो. खर्च विक्रीपेक्षा अधिक झाला, तर शेतकऱ्यालाच पदरचे पैसे भरावे लागतात. ग्रामीण महाराष्ट्रात या पट्टीला जवळजवळ निकालपत्रकाचे स्थान आहे. भाजी कोणी खाल्ली आणि किती रुपयांना विकत घेतली, हे मात्र त्या कागदावर कधीच लिहिलेले नसते.

४/
ही तक्रार जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात भाजी घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याची स्थिती वर्णिली आहे. नगरपालिकेची जकात आणि वजनात फसवणारे दलाल यांच्यात मालाची किंमत संपून जाते व शेतकरी रिकाम्या हाताने घरी परततो, असा त्यांचा आरोप होता. फुले माळी समाजातले. फुलांचा आणि भाजीचा व्यवहार त्यांना बाहेरून पाहावा लागला नव्हता.

५/
पुण्याची भाजीची बाजारपेठ त्या काळी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. तिच्यासाठी नगरपालिकेने भव्य दगडी इमारत बांधली आणि १८८६ मध्ये ती ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली. नगरपालिकेचे सदस्य या नात्याने फुले यांनी या इमारतीवरील मोठ्या खर्चाला विरोध केला होता; तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्याच इमारतीला ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव मिळाले. शेतकरी आणि शहर यांच्यातल्या भेटीची जागा अशा रीतीने छताखाली आली. भेटीच्या अटी मात्र फारशा बदलल्या नाहीत.

६/
त्यानंतर दहा वर्षांतच साथ आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ब्युबॉनिक प्लेगचे निदान झाले आणि काही महिन्यांत पुणेही ग्रासले गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. प्रवास रोखणे, घरे तपासणे, माणसे वेगळी ठेवणे असे व्यापक अधिकार त्याने सरकारला दिले. रुग्णसेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. १८९७ चा हा कायदा येथे लक्षात ठेवावा, कारण या कथेत तो पुन्हा येणार आहे.

७/
त्याच १८९७ साली वऱ्हाडात आणखी एक कायदा झाला, कापूस आणि धान्याच्या बाजारांचे नियमन करणारा. बाजार नियंत्रित करण्याच्या भारतातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होता. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा आणि महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत, खोटी वजने, मनमानी कपात या जुन्या दुखण्यांवरचा तो उपाय होता. उघड लिलाव, प्रमाणित वजन आणि परवानाधारक व्यापारी ही त्याची मुख्य अंगे.

८/
या कायद्याने शेतकऱ्याला संरक्षण दिले आणि त्याचबरोबर एका आवारात बांधलेही. बाजार समितीच्या क्षेत्रातला घाऊक व्यवहार समितीच्या नियमनाखालीच झाला पाहिजे, असा दंडक होता. कालांतराने पुण्याचा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणि मुंबईचा वाशीच्या आवारात एकवटला. १९६९ च्या माथाडी कायद्याने तिथल्या हमाल-मापाड्यांना कामाची हमी आणि संरक्षण दिले. हजारो अडते, खरेदीदार, हमाल, टेम्पोचालक रोज पहाटे काही एकरांत एकत्र येत. ही गर्दी म्हणजेच बाजाराचे सामर्थ्य होते. २०२० मध्ये तीच त्याचे वैगुण्य ठरणार होती.

९/
टाळेबंदीच्या चार वर्षे आधी महाराष्ट्राने एक मोठा बदल केला होता. जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळण्याचा अध्यादेश निघाला. यापुढे आवाराबाहेर माल विकायला कायद्याची आडकाठी उरली नाही. अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असेही ठरले. व्यापाऱ्यांनी संप करून विरोध दर्शवला. त्याच वर्षी राज्य कृषी पणन मंडळाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरवण्याचे अभियान सुरू केले आणि त्याला संत सावता माळी यांचे नाव दिले. अरणच्या मळ्यात भाजी पिकवता पिकवता भक्ती करणाऱ्या संताचे नाव याहून अधिक समर्पक ठिकाणी क्वचितच दिले गेले असेल.

१०/
असे असूनही छोट्या उत्पादकांचा बराचसा माल २०२० च्या मार्चपर्यंत बाजार समित्यांच्याच वाटेने जात होता. दार उघडे असताना माणसे बाहेर का पडली नाहीत? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिवाटीचे क्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्याशा शेतातला माणूस पीकही काढणार, शहरात दुकानही थाटणार आणि उधारीही वसूल करणार, हे अवघड होते. शिवाय बाजार समिती एक फार मोठे काम निमूटपणे करत होती. आलेला सगळा माल, लहान-मोठा, वाकडा-सरळ, एका पहाटेत ती स्वीकारत होती. या कामाची किंमत ते थांबेपर्यंत कोणाच्या ध्यानात आली नाही.

११/
९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण आढळले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला जागतिक महामारी म्हटले. १३ मार्चला महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या वेळी घडवलेले हत्यार १२३ वर्षांनी पुन्हा बाहेर निघाले. २२ मार्चचा जनता कर्फ्यू आणि त्यामागोमाग २५ मार्चपासून २१ दिवसांची टाळेबंदी. दिवसागणिक निर्बंध वाढत गेले.

१२/
कागदावर भाजीला बंदी कधीच नव्हती. अन्नधान्य, फळे, भाजीपाला यांची दुकाने पहिल्या आदेशातच वगळलेली होती. तीन दिवसांनी शेतीची कामे आणि बाजार समित्या यांनाही सवलत मिळाली. प्रत्यक्षात साखळीची प्रत्येक कडी माणसांची होती. टेम्पोचालक घरी बसला, तर ज्याने गाडी काढली त्याला नाक्यावर अडवले जाई. हमाल गावी निघून गेले, अडते संसर्गाला भ्याले, काही गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते बंद केले. सवलत असलेली वस्तूही हलवायला माणूस मिळत नव्हता.

१३/
मग आवारेच बंद होऊ लागली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याचे मार्केट यार्ड बंद झाले. ते पूर्ववत सुरू व्हायला मे महिन्याची अखेर उजाडली. मुंबईला भाजी पुरवणारे वाशीचे आवार रुग्ण आढळल्यामुळे ११ ते १७ मे या काळात बंद ठेवावे लागले. चेन्नईचा कोयंबेडू बाजार तर संसर्गाचे मोठे केंद्र ठरला आणि मेच्या आरंभी त्यालाही कुलूप लागले. हजारो माणसांना पहाटेच्या काही तासांत दाटीने एकत्र आणणारी व्यवस्था श्वासातून पसरणाऱ्या रोगासमोर हतबल होती.

१४/
शेतात या बंदचा अर्थ सरळ होता. माल काढायचा की नाही, हे रोज सकाळी ठरवावे लागे. काढावा तर मजुरी अंगावर. न काढावा तर पुढचा बहर खुंटणार. भेंडी वेळेवर तोडली नाही तर निबर होते, काकडी पिवळी पडते, मेथीला फुले येतात. अनेक ठिकाणी उभ्या पिकात जनावरे सोडली गेली किंवा रोटाव्हेटर फिरवला गेला. रंगीत ढोबळी मिरची, ब्रोकोली, लेट्यूस अशा पिकांची स्थिती आणखी बिकट होती, कारण त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे हॉटेले, आणि ती पूर्ण बंद होती. देवळे आणि लग्नसमारंभ थांबल्याने फुलशेतीला तर कोणताच पर्याय उरला नाही.

१५/
दुसऱ्या टोकाला शहर होते. पुण्या-मुंबईतल्या गृहसंकुलांची फाटके बंद झाली होती. फेरीवाल्यांना आत प्रवेश नव्हता आणि बाहेर पडायला लोक धजावत नव्हते. शेतात भाजी सडत होती आणि तिथून पन्नास किलोमीटरवर तिच्यासाठी रांगा लागत होत्या. मधली वाट तुटल्यामुळे दोन्ही टोके एकमेकांना शोधू लागली. गावाकडे परतलेले तरुण यात दुवा ठरले. शहरात नोकरी केलेल्या मुलाकडे ओळखीच्या चार सोसायट्या असत, आणि वडिलांकडे भाजी असे.

१६/
सोसायटीला भाजी द्यायची, तर शेतावरचे काम मुळापासून बदलावे लागले. अडत्याला एकाच जातीचा टेम्पोभर माल हवा असतो. एका कुटुंबाला आठवड्याला आठ-दहा प्रकार थोडे थोडे लागतात. त्यातून मिश्र भाजीच्या ठरावीक पिशवीची कल्पना पुढे आली. अर्धा किलो भेंडी, किलोभर टोमॅटो, एक कोबी, दोन जुड्या पालेभाजी, थोडे आले-मिरची-लिंबू, अशी बांधणी करून एकच भाव. पिशवी आधी भरलेली, पैसे मोबाइलवरून, हाताला हात लागण्याचा प्रसंग नाही. साथीच्या नियमांनीच मालाला हा आकार दिला.

१७/
याचे ओझे घरातल्या माणसांवर पडले. एरवी बाजारात होणारी निवड, वजन आणि बांधणी आता खळ्यावर होऊ लागली. दिवसभर तोडणी, रात्री वजनकाट्याभोवती अख्खे घर, पहाटे गाडी. जुड्या बांधणे, माल धुणे-निवडणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करत आल्या होत्या. थेट विक्रीत त्यांच्याच हाताच्या सफाईवर पुढची मागणी अवलंबून राहिली. पिशवीत एक किडके वांगे निघाले, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचे छायाचित्र दहा मिनिटांत झळकत असे. बाजार समितीत दर्जाचा निवाडा अडत्या करायचा. आता दोनशे घरे करू लागली.

१८/
सर्वांत अनोळखी काम होते भाव ठरवण्याचे. ज्याने आयुष्यभर पहाटेचा भाव ऐकून घेतला, त्याला आता स्वतः आकडा सांगायचा होता. यार्डातल्या भावापेक्षा थोडा जास्त आणि किरकोळ दुकानापेक्षा थोडा कमी, असा मध्य बहुतेकांनी धरला. या मधल्या जागेतच पूर्वी अडत, हमाली, दोनदा होणारी वाहतूक, किरकोळ विक्रेत्याचा नफा आणि वाटेतली नासधूस सामावलेली होती. तो पैसा आता पूर्णपणे शेतकऱ्याच्या खिशात गेला, असे मात्र नाही. पिशव्या, डिझेल, फोन, परत आलेला माल आणि घरच्यांची मजुरी यांत त्यातला मोठा वाटा खर्ची पडला.

१९/
एकट्या शेतकऱ्याकडे दहा प्रकारच्या भाज्या सहसा नसतात. म्हणून गट आवश्यक ठरले. एकाची मेथी, दुसऱ्याची वांगी, तिसऱ्याचा दुधी एकत्र आला, तर पिशवी पूर्ण होई. कृषी विभागाच्या ‘आत्मा’ योजनेखाली नोंदलेले शेतकरी गट गावोगावी होतेच. त्यांतले कित्येक कागदावरून प्रथमच रस्त्यावर उतरले. २००२ च्या कायदादुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करण्याची सोय झाली होती. अशा कंपन्यांपैकी नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील ‘सह्याद्री फार्म्स’ने टाळेबंदीत फळे व भाज्यांच्या टोपल्या शहरांतील घरांपर्यंत पोहोचवल्या. निर्यातीसाठी उभारलेली निवड आणि बांधणीची यंत्रणा तिच्या कामी आली.

२०/
शासनानेही या वाटेला हात दिला. कृषी विभागाने गटांची सोसायट्यांशी गाठ घालून दिली आणि वाहनांच्या परवान्यांची सोय केली. केंद्राने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राज्यांना थेट विक्री सुकर करण्याचा सल्ला दिला. राष्ट्रीय कृषी बाजाराच्या ऑनलाइन प्रणालीत उत्पादक कंपन्यांसाठी नवी सोय त्याच सुमारास सुरू झाली. कोकणातील हापूसच्या बागायतदारांचा ऐन हंगामही याच काळात आला, आणि अनेकांनी आंब्याच्या पेट्या वाशीऐवजी थेट गृहसंकुलांच्या दारी उतरवल्या.

२१/
या यशाला मर्यादा किती होती, हे एका साध्या हिशेबावरून कळते. समजा, एक एकर टोमॅटो दोन महिन्यांच्या तोडणीत २० टन निघाला, म्हणजे आठवड्याला अडीच टन. दोनशे घरांच्या सोसायटीत प्रत्येकाने आठवड्याला एक किलो टोमॅटो घेतला, तरी खप २०० किलो. म्हणजे एका एकरासाठी बारा-तेरा मोठ्या सोसायट्या हव्यात, आणि त्याही दर आठवड्याला न चुकता. अर्ध्या एकरात दहा प्रकार पिकवणाऱ्याला थेट विक्री मानवली. पाच एकरांत एकच पीक घेणाऱ्याला ती पुरणे शक्य नव्हते. त्याला यार्डच हवे होते.

२२/
त्यात अफवेची भर पडली. मे २०२० मध्ये अहमदनगर, पुणे आणि नाशिक जिल्ह्यांतील टोमॅटोवर विषाणूजन्य रोग पडला. फळांवर रंगांचे पट्टे उमटत असल्याने त्याला ‘तिरंगा’ म्हटले गेले. हा विषाणू माणसालाही बाधतो, अशी वदंता समाजमाध्यमांतून पसरली. वनस्पतींचे असे विषाणू माणसाला रोग देत नाहीत, असे शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले; पण ‘विषाणू’ या एका शब्दानेच लोक दचकत होते. ज्या फोनने गिऱ्हाईक मिळवून दिले, तोच फोन ते तोडूही शकत होता.

२३/
या नव्या वाटेवर कोण चालू शकले नाही, याचीही नोंद इतिहासात हवी. फाटक, सचिव आणि व्हॉट्सॲप गट असलेली सोसायटी एकगठ्ठा मागणी नोंदवू शकत होती. चाळीत आणि झोपडवस्तीत, जिथे रोजच्या कमाईतून रोजची पावशेर भाजी घेतली जाते, तिथे पाचशे रुपयांची पिशवी कशी पोहोचणार? त्यांना भाजी देणारा हातगाडीवाला आणि टोपली घेऊन बसणारी भाजीवाली या साखळीतून सर्वांत आधी गळून पडले. १ जून २०२० रोजी केंद्राने पथविक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांच्या खेळत्या भांडवली कर्जाची योजना आणली, यातच त्यांच्या हलाखीची कबुली होती. ‘मधला दलाल’ या शब्दात बडा अडत्या आणि ही भाजीवाली दोघांनाही एकाच मापात मोजले जाते.

२४/
जूनपासून निर्बंध सैल झाले. यार्डे उघडली, हातगाड्या परतल्या, माणसे कामावर जाऊ लागली. आठवड्याची पिशवी आधी मागवून ठेवण्याची निकड संपली. कोपऱ्यावर हवी ती भाजी हवी तेव्हा निवडून घेता येऊ लागली. बऱ्याच गटांची मागणी काही आठवड्यांतच ओसरली. पेरणीचे दिवस आले आणि गाडी, फोन, हिशेब सांभाळायला घरात माणूस उरला नाही. ज्या शेतकऱ्याने एप्रिलमध्ये यार्डाला रामराम ठोकला होता, त्याचा टेम्पो पावसाळ्यात पुन्हा गुलटेकडीच्या रांगेत उभा राहिला. यात पराभव शोधण्याचे कारण नाही. त्याने हिशेब केला होता.

२५/
दरम्यान हा प्रश्न देशाच्या राजकारणात पोहोचला होता. ५ जून २०२० रोजी केंद्राने शेतीव्यापाराबाबत तीन अध्यादेश काढले. त्यांतला एक बाजार समितीच्या आवाराबाहेरील व्यापार मुक्त करणारा होता. सप्टेंबरमध्ये त्यांचे कायदे झाले, दिल्लीच्या सीमांवर दीर्घ आंदोलन उभे राहिले आणि १९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते मागे घेण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातील भाजी उत्पादकासाठी त्या मोकळिकीचा प्रयोग २०१६ मध्येच झालेला होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल्वे धावली, तीही लांबच्या बाजाराचे दार उघडण्यासाठी.

२६/
जुने दुखणे किती खोल आहे, हे लवकरच दिसले. ऑगस्ट २०२१ मध्ये टोमॅटोचे भाव कोसळले आणि नाशिक-औरंगाबाद भागात शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. तेव्हा टाळेबंदी नव्हती, यार्डे उघडी होती, कायद्याची आडकाठी नव्हती. आवक एकाच वेळी वाढली आणि नाशवंत माल थांबू शकला नाही, एवढेच झाले. दलाल काढून टाकला की प्रश्न सुटतो, हे गृहीतक येथे अपुरे पडते. साठवण, प्रक्रिया आणि पेरणीचे नियोजन यांच्यावाचून कोणतीही वाट शेतकऱ्याला पहाटेच्या त्या काही तासांतून सोडवू शकत नाही.

२७/
मग २०२० ने मागे ठेवले काय? काही गट टिकले. त्यांच्यापुरता बदल आधी शेतात झाला: एका मोठ्या पट्ट्याऐवजी छोटे तुकडे, दर पंधरवड्याला थोडी थोडी लागवड, म्हणजे पिशवीत प्रत्येक आठवड्याला काहीतरी ताजे. अनेकांनी मालाची विभागणी केली. थोडा भाग ठरलेल्या घरांना, बाकीचा यार्डात. एका वाटेवर पूर्णपणे विसंबायचे नाही, हे शहाणपण त्या उन्हाळ्याने महाग मोल घेऊन शिकवले. यार्डाचा भाव पडला तर निदान एक पिशवी हाती राहते. सोसायटी सुटीवर गेली तर यार्ड माल घेते.

२८/
१८८३ मध्ये फुले यांनी ज्या शेतकऱ्याचे चित्र रेखाटले, त्याला आपला माल कोण खातो हे माहीत नव्हते आणि खाणाऱ्याला तो कोणी पिकवला हे ठाऊक नव्हते. मंडईचे छत, नियंत्रित बाजार आणि नियमनमुक्ती यांनी त्या दोघांमधली वाट वेळोवेळी बदलली, पण दोघांची ओळख करून दिली नाही. ती काही आठवड्यांपुरती घडवली एका साथीने, आणि तीही फाटकांच्या आतल्या घरांपुरती. चाळीतल्या घरापर्यंत आणि एकाच पिकाच्या शेतापर्यंत ती पोहोचली नाही. बाजार समितीचा कायदा आणि साथरोग कायदा यांचा इतिहास वाचताना त्यांच्या कलमांबरोबर पट्टीच्या तळाचा आकडाही पाहावा. कोणत्या सुधारणेने कोणाचे भले झाले, याचा पुरावा तिथे लिहिलेला असतो.